१२०० समित्या आल्या कुठून? (प्रोबॅबिलिटीची गणितं, मदत हवी)

पापडाची_लाटी (सोमवार, रात्री ११.२०)

मंडळी, जरा मदत करा. बी.कॉम. होऊन अठरा वर्षं झाली, आता ऑफिसात बढतीसाठी बाहेरून एम.कॉम. करतेय आणि स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात गाडी रुतलीये. मीन मीडियन स्टँडर्ड डेव्हिएशन सगळं जमतं, सूत्र आहे, कॅल्क्युलेटर आहे, आकडे घाला उत्तर काढा. पण प्रोबॅबिलिटीचा धडा उघडला की डोकं बंद. एनपीआर (क्रम धरून निवड) लावायचं की एनसीआर (क्रम न धरता), गुणायचं की मिळवायचं, काही कळत नाही, शेवटी छापा-काटा करून ठरवते (ही पण प्रोबॅबिलिटीच म्हणा).

तर गणित असं, सोसायटीत ७ पुरुष आणि ५ बायका आहेत, त्यांच्यातून ५ जणांची समिती करायची, त्यात कमीत कमी २ बायका हव्यात, किती प्रकारे करता येईल?

मी केलं ते असं. आधी ५ बायकांतून २ घेतल्या, १० प्रकार. आता अट पूर्ण झाली, म्हणजे उरलेले १० जण कोणीही चालतील, त्यातून ३, म्हणजे १२०. दहा गुणिले एकशेवीस, १२००. पुस्तकाच्या मागे उत्तर दिलंय ५९६. मी तीनदा केलं, तीनदा १२००च. छपाईची चूक असेल का? लेक दहावीला आहे, तो म्हणतो "आई, आधी नमुना अवकाश लिही" (म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी), आणि फोनमध्ये डोकं घालतो.

अजून दोन आहेत, गाडीच्या नंबराचं आणि भिशीचं, पण आधी हे सुटू दे.

नाक्यावरचा_गण्या (सोमवार, रात्री ११.३१)

आमच्या सोसायटीत समिती एकाच प्रकारे होते. मीटिंगला जो आला नाही त्याला सेक्रेटरी करतात.

खडूची_पूड (मंगळवार, सकाळी ६.१०)

पुस्तक बरोबर आहे ताई. आणि तुमची चूक ही या धड्यातली सगळ्यात मोठी चूक आहे, एकतीस वर्षं शिकवलं, दर वर्षी निम्मा वर्ग हेच करायचा, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

आधी एक सवय लावून घ्या. अट बाजूला ठेवा आणि एकूण किती होतात ते काढा. १२ जणांतून कोणतेही ५, काहीही अट नाही. १२ × ११ × १० × ९ × ८ म्हणजे ९५०४०, भागिले १२० (त्याच पाच जणांचे आपसातले क्रम, ५ × ४ × ३ × २ × १), उत्तर ७९२. आता बघा, अट न घालता सगळ्या मिळून समित्या ७९२, आणि अट घातल्यावर तुमच्या झाल्या १२००! दुकानात माल ७९२ नग आणि विकले १२००, तुम्ही अकाऊंट्सच्या आहात, असं खातं समोर आलं तर काय म्हणाल? कुठेतरी एकच बिल दोनदा चढलंय.

तसंच झालंय. नावं घालून बघू. समजा समितीत सुलभा, मीना, रेखा आणि अनंत, विजय आहेत. तुमच्या पद्धतीत ही समिती अशी तयार होते की आधी सुलभा-मीना निवडल्या आणि उरलेल्यांतून रेखा, अनंत, विजय आले. ठीक. पण आधी सुलभा-रेखा निवडल्या आणि नंतर मीना, अनंत, विजय आले तरी तीच समिती. आधी मीना-रेखा आणि नंतर सुलभा आली तरी तीच. म्हणजे समिती एक, मोजली तीनदा. तीनही बायका बसल्यात एकाच टेबलावर, तुम्ही मात्र कोण "आधीची" आणि कोण "नंतरची" असा भेद केलात जो समितीत नाहीच.

म्हणून बरोबर रीत म्हणजे नेमक्या किती बायका ते ठरवून वेगवेगळे ढीग करायचे.

२ बायका ३ पुरुष: १० × ३५ = ३५०
३ बायका २ पुरुष: १० × २१ = २१०
४ बायका १ पुरुष: ५ × ७ = ३५
पाचही बायका: १

बेरीज ५९६.

आणि तुमचे १२०० पण मी वाया जाऊ देणार नाही. ३ बायकांच्या समित्या तीनदा मोजल्या गेल्या, ४ च्या सहादा (चारातून पहिल्या दोन निवडायचे सहा प्रकार), ५ बायकांची एकच ती दहादा. ३५० + ६३० + २१० + १०. करा बेरीज.

पापडाची_लाटी (मंगळवार, सकाळी ८.४५)

१२००!!!! सर लोकलमध्ये उभ्याने बेरीज केली आणि जोरात "अरे!" म्हणाले, शेजारच्या बाईने बघितलं. चूक पण इतकी हिशोबात बसते हे माहीतच नव्हतं.

उंटावरची_शहाणी (मंगळवार, दुपारी १.०५)

चार ढीग करण्यापेक्षा नको ते वजा करा, पटकन होतं. नको काय, तर एकही बाई नाही (७ पुरुषांतून ५, २१) आणि एकच बाई (५ × ३५, १७५). ७९२ − १९६ = ५९६. "कमीत कमी" हा शब्द दिसला की माझा हात आपोआप वजाबाकीकडे जातो. इथे दोन ढीग वजा करायचे होते की चार मिळवायचे, फार फरक नाही, पण "कमीत कमी एक" असेल तर वजाबाकीला तोड नाही, एकच ढीग असतो.

पापडाची_लाटी (मंगळवार, दुपारी २.३०)

मग हे दुसरं पण तसंच आहे का बघा. गाडीचा चार आकडी नंबर, त्यात कुठेतरी ८ येण्याची शक्यता किती? (हे पुस्तकातलं नाही, मी घातलंय, आमच्या सासूबाईंना ८ चालत नाही, नवी स्कूटी घ्यायचीये.)

नाक्यावरचा_गण्या (मंगळवार, दुपारी २.४१)

हे मला येतं. एका घरात ८ येण्याची शक्यता दहात एक, घरं चार, म्हणजे चार दशांश, ४०%. सासूबाईंना सांगा सहा दशांश सेफ आहात.

उंटावरची_शहाणी (मंगळवार, दुपारी २.५०)

गण्या, नंबर अकरा आकडी असता तर? ११०%?

नाक्यावरचा_गण्या (मंगळवार, दुपारी २.५२)

...

उंटावरची_शहाणी (मंगळवार, दुपारी ३.१५)

ठिपके नकोत, चूक बघ. मिळवणं तेव्हाच चालतं जेव्हा दोन गोष्टी एकदम घडूच शकत नाहीत. इथे पहिल्या घरात ८ आणि तिसऱ्या घरातही ८ असं होऊ शकतं, ८१८२ हा नंबर तू दोनदा मोजलास, ८८८८ चारदा. परत तीच समितीवाली भानगड, फक्त वेश बदलून.

उलटं कर. एकही ८ नाही असे नंबर किती? प्रत्येक घरात ९ पर्याय, ९ × ९ × ९ × ९ = ६५६१. एकूण ०००० ते ९९९९ दहा हजार. म्हणजे ८ असलेले ३४३९, साधारण ३४.४%. (०००० नंबर कोणाला मिळत नाही, एकूण ९९९९ धरले तरी दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत काही बदलत नाही.) थोडक्यात दर तीन गाड्यांमागे एकीत ८ आहे, सासूबाईंना रस्त्यावर नेऊन दाखवा, सगळ्या चालतायत.

दुधावरची_साय (मंगळवार, दुपारी ४.०२)

आमच्याकडे १३ चालत नाही, पण साडेबारा चालतो 🙂 भिशीचं काय होतं ते टाका ना, मी दोन भिश्यांत आहे.

पापडाची_लाटी (मंगळवार, संध्याकाळी ७.३०)

हो तेच. आमच्या ऑफिसची भिशी, १२ जणी, दर महिन्याला डब्यातून एक चिठ्ठी काढायची, जिचं नाव आलं तिला त्या महिन्याची सगळी रक्कम, आणि तिची चिठ्ठी परत टाकायची नाही. प्रश्न असा की माझं नाव बरोब्बर तिसऱ्या महिन्यात निघण्याची शक्यता किती? मी म्हटलं तिसऱ्या महिन्यात डब्यात १० चिठ्ठ्या उरतात, म्हणून १/१०. पुस्तक म्हणतं १/१२.

दुधावरची_साय (मंगळवार, संध्याकाळी ७.५०)

पुस्तक चुकलंय. दर महिन्याला चान्स वाढतो हे कोणतीही भिशीवाली सांगेल. शेवटच्या महिन्यात तर १००% आपलाच असतो. म्हणूनच मी सुरुवातीला चिठ्ठी काढताना बघत पण नाही.

खडूची_पूड (बुधवार, सकाळी ६.०५)

सायताई, तुमचंही बरोबर आणि पुस्तकाचंही, कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

भिशी सुरू व्हायच्या आधी, आज, डबा भरलेला असताना विचारलं की "तिसऱ्या महिन्यात माझं येईल का", तर त्यासाठी आधी दोन गोष्टी घडाव्या लागतात. पहिल्या महिन्यात माझं येऊ नये, ११/१२. दुसऱ्यातही येऊ नये, १०/११. आणि मग तिसऱ्यात यावं, १/१०. गुणा, ११ ला ११ गेले, १० ला १० गेले, राहिलं १/१२. सातव्या महिन्याचं काढा, तेच. बाराव्याचं काढा, तेच.

सायताई विचारतायत तो प्रश्न असा की दोन महिने होऊन गेले, माझं अजून आलेलं नाही हे मला माहीत आहे, आता या महिन्यात येईल का? तिथे १/१०. माहिती वाढली की शक्यता बदलते, ही पुढे जाऊन सशर्त संभाव्यता म्हणून येणारच आहे.

गुणाकार आवडत नसेल तर दुसऱ्या नजरेने बघा. बाराही चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी काढून ओळीने बारा महिन्यांच्या पानांवर चिकटवल्या असं समजा. माझी चिठ्ठी तिसऱ्याच पानावर का जास्त चिकटावी? कोणत्याही पानावर सारखीच.

दुधावरची_साय (बुधवार, सकाळी ९.४०)

पानांचं पटलं. गुणाकाराचं पण पटलं पण उशिरा. मात्र हे आमच्या ग्रुपवर टाकणार नाही, "आधी काढायला बसलं की लवकर लागते" यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं जागेवरून भांडणं होतात, तेवढाच टाइमपास.

नाक्यावरचा_गण्या (बुधवार, सकाळी १०.१५)

आता माझा एक. दोन नाणी उडवली. दोन्ही छापा, दोन्ही काटा, किंवा एक छापा एक काटा. तीन शक्यता. म्हणजे एक-एक येण्याची शक्यता १/३. सगळे १/२ म्हणतात. का? नाणी सारखीच आहेत, "हे छापा ते काटा" आणि "हे काटा ते छापा" यात फरक काय? वर सरांनीच सांगितलं ना की समितीत आधीचं-नंतरचं नसतं?

उंटावरची_शहाणी (बुधवार, सकाळी १०.३०)

आज पहिल्यांदा चांगला प्रश्न विचारलास.

खडूची_पूड (बुधवार, दुपारी ४.२०)

फारच चांगला. गण्याशेठ, तुमच्या पंगतीला मोठा माणूस आहे. द'अलांबेर हा फ्रेंच गणिती, १७५४ साली फ्रेंच ज्ञानकोशात छापा-काट्यावर लिहिताना दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची शक्यता २/३ असावी असं म्हणाला होता. त्याचं म्हणणं, पहिल्यांदाच छापा आला तर खेळ संपला, नाहीतर काटा-छापा, नाहीतर काटा-काटा, झाल्या तीन शक्यता, दोन अनुकूल. बरोबर उत्तर ३/४.

गोम अशी की शक्यता तीन आहेत हे खरं, पण त्या सारख्या वजनाच्या नाहीत. "अनुकूल भागिले एकूण" हे सूत्र समान वजनाच्या गोष्टींनाच लागतं, पुस्तकात "समसंभाव्य" हा शब्द त्यासाठीच घातलेला असतो आणि मुलं नेमका तोच वगळून वाचतात. एक रुपयाचं एक नाणं घ्या आणि दोन रुपयांचं एक. आता रुपया छापा-दोन काटा आणि रुपया काटा-दोन छापा हे वेगळे दिसतात की नाही? मग चारात दोन, १/२. आता दोन्ही नाणी रुपयाचीच घेतली म्हणून ती वेगळी पडायला लागतील का? नाण्यांना काय माहीत तुम्हाला ती ओळखू येतात की नाही.

समितीशी विसंगती नाही यात. तिथे आपण प्रकार मोजत होतो, इथे शक्यता काढतोय. शक्यता काढताना वाटल्यास चिल्लर वेगळी करून मोजा, पण वर (अनुकूल) आणि खाली (एकूण) दोन्हीकडे एकाच रीतीने. वर क्रम धरला आणि खाली नाही धरला की झालाच घोटाळा.

नाक्यावरचा_गण्या (बुधवार, दुपारी ४.४५)

शंभरदा उडवली. ५३ वेळा एक-एक. गप्प बसतो.

सांजवात (बुधवार, रात्री ९.१५)

धागा वाचून राहवलं नाही. क्रम कधी धरायचा याचं आमच्या घरातलं उदाहरण देतो. संध्येत आपण केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः अशी चोवीस नावं घेतो. चोवीसच का? विष्णूचे हात चार, त्यांत शंख, चक्र, गदा, पद्म. कोणत्या हातात काय यावरून मूर्ती केशवाची की माधवाची की त्रिविक्रमाची ते ठरतं. चार वस्तू चार हातांत, ४ × ३ × २ × १ = २४. वस्तू त्याच, अदलाबदल झाली की देवाचं नाव बदललं, म्हणजे इथे क्रम धरायचाच.

भास्कराचार्यांनी लीलावतीत हेच विचारलंय (११५० चा ग्रंथ), आणि त्याच श्लोकात शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू दिल्या तर किती मूर्ती हेही. उत्तर ३६,२८,८००. चारावरून दहावर गेलं तर चोवीसाचे छत्तीस लाख!

त्याच ग्रंथात दुसरीकडे सहा रसांचं गणित आहे, गोड आंबट खारट तिखट कडू तुरट, यांतले एक, दोन, तीन असे घेऊन किती चवी होतील. तिथे मात्र क्रम नाही, आधी गूळ घातला की चिंच, आमटीला फरक नाही. ६ + १५ + २० + १५ + ६ + १ = ६३.

दुधावरची_साय (बुधवार, रात्री ९.३०)

काका आधी चिंच घातली तर डाळ शिजत नाही. आमटीत क्रम असतो.

सांजवात (बुधवार, रात्री ९.३४)

😀 भास्कराचार्यांना कळवतो.

पापडाची_लाटी (बुधवार, रात्री १०.५०)

सांजवात काका, माझे वडील रोज संध्या करायचे, चोवीस नावं पाठ आहेत अजून ऐकून ऐकून, पण हे कधी सुचलं नव्हतं. आता मी प्रत्येक गणिताला "दोघांची अदलाबदल केली तर देव बदलला का" असं विचारते, नवऱ्याला वाटतं अभ्यासाने डोक्यावर परिणाम झाला.

अक्षरांची पण गणितं आहेत. "कडकड" ची अक्षरं किती प्रकारे मांडता येतील? मी ४! (४ × ३ × २ × १) = २४ केलं, मग वाटलं दोन क सारखेच आहेत, अदलाबदल करून देव बदलत नाही, म्हणून २ ने भागलं, ड साठी परत २ ने. ६. लिहून पण काढले, ककडड, कडकड, कडडक, डककड, डकडक, डडकक. बरोबर ना?

उंटावरची_शहाणी (बुधवार, रात्री ११.०५)

बरोबर. आणि लिहून काढलेत हे त्याहून बरोबर. दहापर्यंत उत्तर असेल तर नेहमी लिहून काढा, सूत्र नंतर.

चौकटची_दुर्री (गुरुवार, दुपारी १२.१०)

पत्त्यांशिवाय हा धागा अळणी आहे. ५२ पानांतून ३ पानं, २२१०० प्रकार. तिर्रट खेळणाऱ्यांनी कधी मोजलंय का? तीन सारखी पानं, म्हणजे ट्रेल, १३ × ४ = ५२ प्रकारे येते. एकाच रंगाचा सिक्वेन्स: एक्का-दुर्री-तिर्री पासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत १२ ओळी, चार रंग, ४८. साधा सिक्वेन्स ७२०, कलर (तिन्ही एकाच रंगाची, पण ओळीने नाहीत) १०९६, जोडी ३७४४, बाकी फुसके १६४४०. बेरीज बरोबर २२१०० येते, करून बघा.

आता गंमत बघा. खेळात ट्रेल सगळ्यात मोठी, पण दुर्मिळ म्हणाल तर प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मिळ, ४८ विरुद्ध ५२. वर्षानुवर्षं दिवाळीला मामाच्या तीन एक्क्यांपुढे माझा बदामाचा सिक्वेन्स हरतो, आणि हिशोबाने माझंच पान अवघड होतं.

खडूची_पूड (गुरुवार, दुपारी ४.००)

जोडीचे ३७४४ कसे आले ते पापडाची लाटी यांनी सांगावं, गृहपाठ.

पापडाची_लाटी (गुरुवार, रात्री १०.२०)

जोडी कशाची ते १३ प्रकारे. त्या चारातून दोन पानं, ६. तिसरं पान उरलेल्या ५० मधून... थांबा, नाही, ४८ मधून, नाहीतर त्याच जातीचं आलं की ट्रेल होईल. १३ × ६ × ४८ = ३७४४. ५० लिहून खोडलंय हे प्रामाणिकपणे सांगते.

एसटीची_खिडकी (गुरुवार, रात्री १०.४५)

समसंभाव्यवरून आठवलं. तेवीस माणसं असली की त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, ५०.७%, हे प्रसिद्ध गणित आहे (इथेही कोणाचाच जुळत नाही हे काढून वजा करायचं). आमच्या कॉलेजच्या सरांनी वर्गात करून दाखवायचं ठरवलं आणि पहिल्या बाकापासून तारखा विचारत निघाले. तिसऱ्या बाकावरच जुळली, १ जून. पुढे अजून एक १ जून. मग अजून दोन. सर खूश होऊन हे गणित कसं खरं ठरलं ते सांगायला लागले, आणि आम्ही गावाकडची पोरं एकमेकांकडे बघून हसत होतो, कारण आमच्या जन्मतारखा आईला नाही, शाळेत नाव घालताना गुरुजींना माहीत होत्या. सरांचं गणित ३६५ दिवस सारखे धरून होतं.

उंटावरची_शहाणी (गुरुवार, रात्री ११.००)

हे मी उद्या ऑफिसात सांगणार.

पापडाची_लाटी (शुक्रवार, रात्री ९.१०)

मंडळी, आज सरावाची दहा गणितं केली, आठ बरोबर. चुकलेल्या दोनपैकी एकात वर क्रम धरला आणि खाली नाही, सरांनी सांगितलेलं तेच. लेकाला आता मीच नमुना अवकाश लिहायला लावते.

एक शेवटचं तपासा. १२ जणांतून अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडायचे, १२ × ११ × १० = १३२०. आणि नुसते तीन सदस्य निवडायचे तर भागिले ६, म्हणजे २२०. पदं असली की देव बदलतो, म्हणून भागायचं नाही.

खडूची_पूड (शनिवार, सकाळी ६.१५)

दोन्ही बरोबर. परीक्षेला शुभेच्छा.

नाक्यावरचा_गण्या (शनिवार, सकाळी १०.३०)

सर, आमच्याकडे काल समितीची निवडणूक लागली. जागा ३, अर्ज आले २. दोनातून तीन निवडायचे प्रकार किती?

उंटावरची_शहाणी (शनिवार, सकाळी १०.३३)

शून्य. तू मीटिंगला गेला होतास का?

नाक्यावरचा_गण्या (शनिवार, सकाळी १०.३४)

नाही.

दुधावरची_साय (शनिवार, सकाळी १०.३६)

अभिनंदन सेक्रेटरी 💐